चाळकेवाडीच्या पावसात 'ब्रीदेबल' जॅकेट आतून ओलं का होतं?

पठारावरचा

नमस्कार मंडळी. मी सातारचा, नोकरी चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीची. जून ते सप्टेंबर रोज गाडीवर बोगदा, सज्जनगड फाटा, ठोसेघर करत वर जायचं आणि मग पठारावर एका चक्कीपासून दुसरीपर्यंत चालायचं. तिथला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. छत्री उघडली की उलटी होते, म्हणून छत्रीचा विषयच नको.

आजवर साधे रेनकोट वापरले. यंदा मन घट्ट करून नऊ हजारांचं जॅकेट घेतलं. आत लेबल आहे, वॉटरप्रूफ १५,०००, ब्रीदेबल (म्हणजे घामाची वाफ बाहेर सोडणारं) १०,०००. गाडीवर एकदम झकास, टिपूस आत येत नाही. पण पठारावर अर्धा तास चाललो की आतला टी-शर्ट पिळून काढावा असा. बाह्या हाताला चिकटतात. काल चेन उघडून आत हात घातला तर अस्तरावर अक्षरशः थेंब जमलेले.

माझ्यासोबतच्या मामांच्या अंगावर घोंगडी होती. ते माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, पण त्यांचा सदरा माझ्या टी-शर्टपेक्षा कोरडा होता हे मी डोळ्यांनी पाहिलं.

प्रश्न सरळ आहे. जॅकेट गळतंय का? की मी फसलो? की २०,००० वालं अजून महाग घ्यायला हवं होतं? घरी बायकोला काय उत्तर द्यायचं तेही सांगा.

यवतेश्वर_घाट

गळत नाहीये, तो तुमचाच घाम आहे. मी घाटात पळतो, हिल मॅरेथॉनची तयारी ऐन पावसाळ्यातच असते. सुरुवातीला मीही जॅकेट घालून पळायचो. आता नुसता पातळ टी-शर्ट. भिजायचं, पळत असेपर्यंत अंग गरम असतं. खाली आलं की गाडीच्या डिकीतला कोरडा शर्ट घालायचा. प्रश्न मिटला.

पठारावरचा

पळताना ठीक आहे हो. मी पाऊण तास पळून घरी येत नाही, मला आठ तास वर काढायचे असतात. एखादं पॅनेल उघडून वीस मिनिटं एका जागी उभं राहिलं आणि अंगात ओला टी-शर्ट असला की त्या वाऱ्यात दात वाजतात. ऑगस्टमध्ये सुद्धा.

साधा_रेनकोट

माझं स्पष्ट मत, हा सगळा जाहिरातीचा खेळ आहे. पोवई नाक्यावरून पाचशेचा रेनकोट घ्या, दोन वर्षं वापरा, फाटला की दुसरा. आतून दोन्ही ओलेच होणार असतील तर साडेआठ हजार वाचले. माझे वडील नोकरीभर एका डकबॅकच्या रबरी कोटावर सायकलने फिरले.

भौतिक_मास्तर

थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रश्न फार चांगला आहे आणि तो लेबलवर सुटत नाही.

तुमच्या घरी माठ असेल. उन्हाळ्यात त्यातलं पाणी गार होतं, पावसाळ्यात होत नाही. माठ तोच, माती तीच. फरक बाहेरच्या हवेचा. एप्रिलमध्ये हवा कोरडी असते, माठातून पाझरलेलं पाणी ती पटापट उचलते. जुलैमध्ये हवा आधीच वाफेने भरलेली, तिला अजून वाफ घ्यायला जागा नसते. दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत तेही याचमुळे.

जॅकेट म्हणजे अंगावर घातलेला माठ समजा. कापडाला स्वतःची ताकद नसते, ते वाफ ओढून बाहेर फेकत नाही. आत वाफ जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती बाहेर जाते. आता आकडे बघा. ३२ अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये साधारण ३४ ग्रॅम वाफ धरते. जॅकेटच्या आत चालताना जवळपास ही स्थिती असते. बाहेर ५ अंश असेल तर हवा पूर्ण दमट असली तरी तिच्यात ७ ग्रॅमच वाफ मावते. फरक २७ ग्रॅमचा. चाळकेवाडीला पावसात २२ अंश धरा, तिथे साधारण १९ ग्रॅम. फरक १५ वर आला. खाली साताऱ्यात भर पावसात २७ अंश असेल तर बाहेरच जवळपास २६ ग्रॅम, म्हणजे फरक उरला ८ चा. थंड मुलखात ज्या कापडाने काम केलं असतं तेच कापड आपल्याकडे निम्मं किंवा त्याहून कमी काम करतं. यात कापडाचा दोष नाही आणि तुम्ही फसलेलाही नाही.

लेबलवरचा १०,००० म्हणजे एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत १०,००० ग्रॅम वाफ जाते, पण ती प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत. तासाला सव्वाचारशे ग्रॅम. जॅकेटचं कापड दीड चौरस मीटर धरलं तर सहाशेच्या आसपास. चढावर भराभर चालणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो. म्हणजे लेबलवरचा आकडा पूर्ण मिळाला तरी हिशेब तुटीचा.

वाईची_लेक

मास्तर, माठाचं उदाहरण मुलीला वाचून दाखवलं. दहावीत आहे, म्हणाली हे पुस्तकात असं का नाही देत.

पठारावरचा

मास्तर, मनापासून आभार. दोनदा वाचलं. मग १५,००० वाला आकडा काय सांगतो?

भौतिक_मास्तर

तो पाण्याच्या दाबाचा. कापडावर १५,००० मिलिमीटर, म्हणजे १५ मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी आत झिरपत नाही असा अर्थ. नुसत्या पावसाला एवढं लागत नाही. दाब वाढतो तो सॅकच्या पट्ट्याखाली, गुडघा टेकल्यावर आणि गाडीच्या सीटवर. रेनकोटची पँट बसल्या जागी आधी का गळते, तर सीटवर पाणी साचलेलं आणि वरून आपलं वजन. तुमच्या कामाला १५,००० भरपूर आहे. २०,००० साठी पैसे घालू नका.

पायवाट

मास्तरांना +१. अनुभवाने सांगतो. माझं तीन थरांचं जॅकेट आहे. उत्तराखंडात मे महिन्यात बारीक बर्फ आणि थंड पाऊस दोन्हींत सहा दिवस घातलं, आतून कोरडा. इतका खूश झालो की आल्यावर जूनमध्ये तेच घालून जरंडेश्वर चढलो. अर्ध्या वाटेवर काढून सॅकला बांधलं. तेच जॅकेट, तोच मी.

बरं, जॅकेटच्या कापडातली ही पडदा भानगड नक्की असते काय? दुकानदार म्हणतो 'मेम्ब्रेन', पण त्यालाही सांगता आलं नाही.

भौतिक_मास्तर

दोन प्रकार मुख्य.

पहिला सच्छिद्र पडदा. नॉनस्टिक तव्यावरचं टेफ्लॉन आठवा, पदार्थ तोच. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोअर हे टेफ्लॉनचे तापवलेले रॉड हळूहळू ताणून बघत होते आणि ते दरवेळी तुटत होते. शेवटी वैतागून एक रॉड जोरात हिसकला, तर तो तुटण्याऐवजी लांबच लांब ताणला गेला आणि आत अतिसूक्ष्म भोकांचं जाळं तयार झालं. १९७६ पासून तो पडदा गोअर-टेक्स नावाने कपड्यांत आला. कंपनी सांगते की त्यातलं भोक पाण्याच्या थेंबापेक्षा वीस हजार पट लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सातशे पट मोठं असतं. थेंब अडतो, वाफ जाते.

दुसरा पॉलियुरेथेनचा. त्यातल्या बऱ्याच पडद्यांना भोकंच नसतात. वाफेचे रेणू आतल्या बाजूने पडद्यात मुरतात आणि बाहेरच्या बाजूने निघतात. आपल्याकडे मध्यम किमतीत मिळतं ते बहुतेक पॉलियुरेथेनच, पातळ पडदा तरी किंवा कापडाला आतून दिलेला थर तरी.

शिवणयंत्र

मी कराडची. सॅक, तंबू, रेनकोट दुरुस्त करते. कापडाचं शास्त्र मला मास्तरांइतकं येत नाही, पण येतात त्या वस्तूंचं काय झालेलं असतं ते रोज बघते.

दहा जॅकेटं दुरुस्तीला आली तर कापड फाटलेलं एखादं. बाकीची आतून सोललेली. आतला थर पापुद्र्यासारखा निघतो, बोटाला चिकटतो, काळ्या शर्टावर पांढरे कपटे पडतात. विचारलं तर माणूस सांगतो, "अहो, फार वापरलंच नाही, कपाटात होतं." तिथेच घात होतो. पॉलियुरेथेनला दमट आणि उबदार जागा सोसत नाही, हवेतली ओल त्या थराला हळूहळू तोडत जाते. सप्टेंबरात ओलसर घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं, मेमध्ये काढलं, की संपलं. एकदा सोलायला लागलं की मला काही करता येत नाही, पैसे न घेता परत देते.

गाडीच्या डिकीत ओलं जॅकेट ठेवणारे तर माझ्या डोळ्यांत पाणी आणतात. खाली इंजिन तापलेलं, आत ओल, वर झाकण बंद. इडलीपात्रच ते.

दुसरं, शिवण. सुई जाते तिथे भोक पडतं. म्हणून चांगल्या जॅकेटात प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली असते. ती निघत असेल तर वेळेत आणा. आणि कुणीही छातीवर ग्रुपचा बिल्ला शिवून घेऊ नका. मागच्या वर्षी एका ट्रेकिंग ग्रुपची चौदा जॅकेटं अशी आली, सगळी नवीन, सगळी बिल्ल्याखालून गळणारी.

साधा_रेनकोट

ताई, म्हणजे माझंच बरोबर ठरलं ना? महाग घ्या आणि सोलताना बघा.

शिवणयंत्र

नाही दादा. पाचशेच्या रेनकोटात शिवणीला पट्टी नसते किंवा असली तर एका मोसमात सुटते. तुम्ही गाडीवरून ऑफिसला जाता, तुम्हाला तो पुरतो. ज्याला आठ तास वाऱ्यात काढायचेत त्याला तो पुरणार नाही.

एक सुचवते. साध्या रेनकोटाला काखेत दहा इंची चेन लावून मी बऱ्याच जणांना दिलीय, आत जाळी लावून. दूध घालायला जाणारी दोन मुलं दरवर्षी नवीन रेनकोट आणतात आणि आधी चेन लावून घेतात. काखेवर पाऊस थेट पडत नाही आणि घाम तिथेही भरपूर. कापड कितीही भारी असो, उघडी चेन त्याच्यापेक्षा जास्त वाफ सोडते.

पठारावरचा

माझ्या जॅकेटला काखेत चेन आहे!!! मी ती आजवर उघडलीच नाही. वाटलं पाणी जाईल.

यवतेश्वर_घाट

😂 उद्याच उघडा.

पाटणची_नात

चेनवरून माझी आजी आठवली. आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. भाताची लावण असली की बायका पाठीवर इरलं घ्यायच्या. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, बांबूच्या कांब्यांची होडीसारखी जाळी, तिच्यात पळसाची पानं दाबून बसवलेली. डोक्यावर अडकवायचं, ते कमरेखालपर्यंत पाठ झाकतं. वाकून लावण करताना पाऊस सगळा पाठीवरून ओघळून जातो. आणि पुढून, खालून, दोन्ही बाजूंनी उघडं.

मी लहानपणी हट्ट करून शहरातला गुलाबी रेनकोट घालून चिखलात उतरले होते. तासाभरात घामाने निथळले आणि रडायला लागले. आजीने तो रेनकोट काढून बांधावर फेकला, मला तिच्या इरल्याखाली घेतलं. आत तिच्या अंगाची ऊब, ओल्या पानांचा वास आणि वर पावसाचा तडतड आवाज. मला अजून तो आवाज ऐकू येतो. आणि अंग कोरडं होतं, दोघींचंही.

मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर पानातून पाणी जात नव्हतं, वाफही जात नव्हती. हवा खालून खेळती होती, एवढंच.

वाईची_लेक

फार सुंदर लिहिलंत. आमच्याकडे पोत्याची खोळ असायची. गोणपाट भिजून जड व्हायचं, पण डोकं आणि पाठ उबदार.

माणदेशी_वारा

घोंगडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या म्हसवड-दहिवडीकडं पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिकडं महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. जिल्हा एकच. पण घोंगडी विणली जाते आमच्याकडं, आणि पावसात मेंढरं राखणारा धनगर ती पांघरून रातभर बसतो.

काळी लोकर दख्खनी मेंढीची. सणगर ती मागावर विणतात आणि वर चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी कडक असते. पाऊस पडला की थेंब आधी वरच्या केसावरून घरंगळतो. जास्त झाला की लोकर पाणी पिते, पण अंगाला गारठा लागू देत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल आत धरते तरी हाताला ओली लागत नाही. भिजताना थोडी ऊबही सोडते. हे सुताला एवढं जमत नाही.

खोटं बोलणार नाही, ती वॉटरप्रूफ नाही. दिवसभर मुसळधार झाला तर चार-पाच किलोचं ओझं होतं आणि वाळायला दोन दिवस. पण पठारावरचे मामा कोरडे का, तर खांद्यावरून सैल सोडलेली, खालून वारा आत-बाहेर करतो. आजीचं इरलं आणि घोंगडी, एकच हिशेब.

पायवाट

म्हणजे आत काय घालतो तेही महत्त्वाचं. पठारावरचे, तुम्ही आत सुती टी-शर्ट घालता ना?

पठारावरचा

हो, सुतीच. कंपनीने दिलेला.

पायवाट

तो बदला आधी. सूत घाम पिऊन अंगाला चिकटून बसतं आणि थांबलात की गार पडतं. पातळ पॉलिस्टरचा खेळाडूंचा टी-शर्ट घाला, किंवा परवडलं तर पातळ लोकरीचा. वाफ बाहेर गेली नाही तरी ओलं कापड अंगाला कमी चिकटतं, अर्धा त्रास कमी.

हिरवा_बेडूक

थोडं विषयांतर, पण गरजेचं. जॅकेट नवीन असताना पाणी बाहेरून मोत्यासारखं घरंगळतं, ते पडद्यामुळे नाही. बाहेरच्या कापडाला वेगळा लेप असतो. तो कित्येक वर्षं फ्लोरिनयुक्त रसायनांचा (पीएफएएस) होता. ही रसायनं निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत, पाण्यात, मातीत, माणसाच्या रक्तातही सापडतात. म्हणून कॅलिफोर्नियात २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांना बंदी आली. गोअर कंपनीनेही २०२२ पासून पॉलिथिलीनवर आधारलेला नवा पडदा आणला.

मी कासच्या फुलांच्या काळात तिथे बराच वेळ असतो. त्या कातळावर मातीचा थर बोटभर, फुलं त्यावर जगतात आणि त्यांच्यावरून वाहणारं पाणी खाली गावांत जातं. असल्या जागी जायचे कपडे तरी या रसायनांशिवाय असावेत, असं मला फार वाटतं. घेताना लेबलवर 'पीएफएएस-मुक्त' लिहिलंय का एवढं बघा.

शिवणयंत्र

बेडूकराव बरोबर. फक्त घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावं. नवीन लेपाला तेलकटपणा चालत नाही, सनस्क्रीन, घाम, गाडीचा धूर लागला की पाणी घरंगळायचं थांबतं. म्हणून धुवावं लागतं. लोक उलट समजतात, धुतलं की खराब होईल. सगळ्या चेन लावा, कोमट पाणी, थोडा द्रव साबण, दोनदा स्वच्छ खळबळा. पावडर नको, ती धाग्यात राहते आणि पाणी ओढते. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी तर अजिबात नको. वाळल्यावर लेबलवर परवानगी असेल तरच वर सुती कापड ठेवून अगदी मंद इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा उभा राहतो.

भौतिक_मास्तर

ताईंच्या मुद्द्यात माझी भर. बाहेरचं कापड भिजून चिंब झालं की जॅकेटभोवती पाण्याचा पापुद्रा तयार होतो. वाफेची वाट बंद, शिवाय कापड गार पडतं आणि आतली वाफ त्याच्यावर थेंब होऊन बसते. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो तसं. पठारावरच्यांना अस्तरावर दिसलेले थेंब हेच असणार.

घरी एक तपासणी करता येईल. पेल्यात आंघोळीइतकं गरम पाणी घ्या, काठोकाठ नको. त्यावर जॅकेटच्या पाठीचं कापड, आतली बाजू खाली करून, रबर लावून ताणून बसवा. वर साधी कोरडी स्टीलची ताटली बोटभर अंतरावर धरा (फ्रीजमधली नको, तिला हवेतल्या ओलीनेच घाम सुटेल). दोन-तीन मिनिटांनी ताटलीची खालची बाजू बघा. मग कापडाऐवजी प्लॅस्टिकची पिशवी लावून तेच करा.

साधा_रेनकोट

मी माझ्या रेनकोटवर करून बघितलं. ताटली ठणठणीत कोरडी. मान्य करतो, फरक असतो. पण मी माझाच घालणार, पोवई नाका ते एसटी स्टँड एवढंच माझं जग.

गमबूट

बुटांचंही कुणीतरी लिहा. वॉटरप्रूफ पडद्याचे बूट घेतले होते. ओढ्यात पाय घोट्याच्या वर गेला, पाणी वरून आत आलं आणि आतच राहिलं, दिवसभर. तीन दिवस वाळले नाहीत. आता पावसात जाळीचे साधे बूट, पाणी येतं तसं जातं.

पायवाट

+१. वासोट्याच्या वाटेवरच्या जळवांसाठी मोजे मात्र लांब ठेवा. अर्थात पावसाळ्यात ती वाट बंदच असते, ऑक्टोबरनंतरचं बोलतोय.

पठारावरचा

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय. सगळं करून बघितलं.

ताटलीचा प्रयोग रविवारी केला, बायको आणि मुलगा दोघं शेजारी बसून. जॅकेटच्या कापडावर धरलेल्या ताटलीला बारीक धुकं आलं, मुलाने त्यावर बोटाने स्वतःचं नाव काढलं. पिशवीवर काहीच नाही. म्हणजे कापड चालतंय. बायकोला उत्तर मिळालं.

मग शिवणयंत्र ताईंनी सांगितलं तसं धुतलं. पाणी काळंशार निघालं, दोन महिन्यांचं ग्रीस आणि धूर. मंद इस्त्री केली, आमच्या लेबलवर चालते असं चिन्ह आहे. नळाखाली धरलं तर पाणी पुन्हा मोत्यासारखं पळायला लागलं.

आता वर गेल्यावर असं करतो. गाडीवर सगळ्या चेन बंद. पठारावर चालायला लागलो की काखेच्या दोन्ही उघड्या, गळ्याची चार बोटं खाली, कमरेची दोरी सैल. आत पॉलिस्टरचा टी-शर्ट. कामाच्या जागी पोहोचलो की पाच मिनिटं तसंच उभं राहतो, वारा आतून फिरू देतो, मग सगळं बंद करून पॅनेल उघडतो. अगदी कोरडा राहत नाही, पण पिळण्याइतका ओलाही नाही. दात वाजायचे थांबले, मला तेवढंच हवं होतं. घरी आल्यावर जॅकेट डिकीत नाही, पंख्याखाली.

काल मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी जॅकेटच्या काखेत हात घालून बघितला आणि म्हणाले, "खालनं वारा घ्यायला लागलास व्हय, आता बरं हाय."

माणदेशी वारा, एक विचारायचं होतं. थांबून काम करायच्या वेळी खांद्यावर टाकायला लहान घोंगडी मिळेल का? मला लांबी गुडघ्यापर्यंत पुरे, चक्कीच्या शिडीपाशी पायात यायला नको.

माणदेशी_वारा

मिळंल की. मुलांच्या मापाची विणतात, ती तुम्हाला बरोबर गुडघ्याला येईल. दोन दिवस खळ जाईपर्यंत टोचंल, मग नाही. शनिवारी कामानिमित्त साताऱ्यात आहे, राजवाड्यापाशी या अकराला. दोन आणतो, हाताला लागंल ती घ्या.

पठारावरचा

येतो. मामांनाही घेऊन येतो, निवड त्यांनाच करू दे.